बॉक्सर लोकांना आवडतो तो कौशल्यामुळे की व्यक्तिमत्त्वामुळे?

माझं मत विचाराल तर दोन्हींमुळे नाही. पब्लिकला मार खाऊन उभा राहणारा आवडतो. माझ्या धाकट्या भावाने याची किंमत मोजलीय, म्हणून एवढं ठाम बोलतोय.

भाऊ डावखुरा, पाय हलके. इथे डिचोलीकडे एका स्पर्धेत त्याच्यासमोर अंगाने दांडगा मुलगा आला. तो हात भिरकावत अंगावर यायचा, भाऊ जेमतेम चार बोटं मागे सरकायचा, ग्लोव्ह हनुवटीपुढून नुसता वारा घालून जायचा आणि तेवढ्यात ह्याचा उजवा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, त्याच्या नाकावर. तिन्ही राउंड हेच. पंचांनी हात ह्याचा वर केला आणि मंडपातून शिट्ट्या, "पळपुटा, पळपुटा!" क्लबचे एक कार्यकर्ते खाली येऊन म्हणाले, "जिंकलास, पण मजा नाही आली. जरा भिड की!"

पुढच्या स्पर्धेत तो भिडला. हरला, नाकाचं हाड मोडलं आणि त्याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. रक्त थांबलं नव्हतं, तरी सेल्फी काढत होते. ते गृहस्थ अजून मला ऐकवतात, "बघ, तेव्हाच त्याचं नाव झालं ना?"

हे फक्त आपल्याकडचं नाही. क्यूबाचा बॉक्सर रिगोंडो घ्या. 2000 आणि 2004, दोन ऑलिम्पिक सुवर्णं. 2013 मध्ये न्यूयॉर्कला नावाजलेल्या डोनेरला पंचांच्या एकमताने हरवलं, तरी 'कंटाळवाणा' हा शिक्का पुसला नाही. उलट आर्तुरो गत्ती. 2005 मध्ये मेवेदरने त्याला सहा राउंडांत धुऊन काढलं, पण अटलांटिक सिटीत गर्दी गत्तीसाठीच व्हायची. मिकी वॉर्डबरोबरच्या त्याच्या 2002-03 च्या तीन लढती लोक अजून काढून बघतात. तो काही फार बोलका नव्हता, फक्त मागे हटायचा नाही. मेवेदर 50-0, म्हणजे पन्नास लढती जिंकून एकही न हरता निवृत्त झाला, पण त्याची तिकिटं कितीतरी जण तो हरेल या आशेनेच काढायचे.

अलीचं व्यक्तिमत्त्व मोठं होतं, मान्य. पण 1964 मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या लिस्टनला हरवलं नसतं तर त्या बाता कोणी ऐकल्या असत्या? आणि 1971 मध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) पंधराव्या राउंडला आडवा होऊनही तो उठला, तेव्हा त्याला शिव्या घालणारेही गप्प झाले असतील.

भारतात मात्र गणित थोडं वेगळं, इथे पदक लागतं. मेरी कोमची पाच जागतिक अजिंक्यपदं होऊन गेली होती, पण घराघरांत तिचं नाव पोचलं ते 2012 च्या लंडनच्या ब्राँझनंतर.

तुम्ही घरातल्या पोरासाठी विचारत असाल, तर आधी गार्ड (हातांनी स्वतःचा बचाव) आणि पाय शिकवणारा कोच बघा. आणि 'मजा नाही आली' म्हणणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला त्याच्या कोपऱ्याजवळ फिरकू देऊ नका.