जॅकजवळचे दोन मिलिमीटर : वाचकांचे प्रश्न

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांच्या चौकडीने लॉन बोल्समध्ये, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळात, सुवर्णपदक जिंकले आणि आपल्या सीमाभागातही या खेळाविषयी कुतूहल निर्माण झाले. जॅक या लहान चेंडूच्या सर्वांत जवळ ज्याचा बाउल (खेळाडूने सोडलेला मोठा गोळा), गुण त्याचा; म्हणूनच मोजमापाविषयीचे काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : वरून पाहता आमचा बाउल जॅकला टेकलेला दिसत होता, पण पंचांनी मध्ये अंतर असल्याचे सांगितले. हे कसे? (निपाणी)

उत्तर : पंचांचे म्हणणे बरोबर असू शकते. जॅकचा व्यास सुमारे ६३ मिलिमीटर आणि बाउलचा साधारण १२० मिलिमीटर असल्यामुळे दोघांचे मध्य एका उंचीवर येत नाहीत आणि त्यांच्यामधील सर्वांत आखूड रेषा जमिनीला समांतर न राहता जॅककडून बाउलकडे चढत जाते. बाउलची फुगीर बाजू जॅकवर झुकल्यासारखी येते, त्यामुळे मध्ये सुमारे चार मिलिमीटर फट असली तरी वरून ती दिसत नाही. वाकून नव्हे, तर गुडघे टेकून, डोळा जमिनीलगत आणून पाहावे. दोरी लावतानाही तिची टोके दोन्ही पृष्ठभागांच्या एकमेकांना सर्वांत जवळच्या बिंदूंवर असावीत. मध्यापासून मध्यापर्यंत मोजणे ही चूक आहे.

प्रश्न : पावसाळ्यात मोजण्याची सुती दोरी भरवशाची राहते का? (खानापूर)

उत्तर : ओलाव्याने सुती दोरीची लांबी बदलते, म्हणून न ताणणारी दोरी घ्यावी. मात्र येथे किती सेंटिमीटर हा प्रश्न नसून कोणता बाउल जवळचा एवढाच प्रश्न असतो. एकाच माणसाने, सारख्याच ताणाने, लागोपाठ दोन्ही अंतरे पाहिली तर निर्णय चुकत नाही.

प्रश्न : फट अगदी बारीक असेल तर काय वापरावे? (बेळगाव)

उत्तर : याचे साधन आपल्याकडे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये रोज हाताळले जाते, ते म्हणजे फिलर गेज, वेगवेगळ्या जाडीच्या पातळ धातूच्या पात्यांचा संच. त्याची पाती जाडीच्या क्रमाने फटीत सरकवावीत. जे पाते किंचित अडखळत पण काहीही न हलवता जाते, ती त्या फटीची जाडी. जॅकचे वजन पाव किलोच्या आसपासच असते, त्यामुळे पाते रेटले की तो सरकतो आणि मोजायचे अंतरच नाहीसे होते, हे मी कळकळीने सांगतो. बाउल दुसऱ्यावर टेकून कललेला असल्यास त्याला आधी पाचरीचा आधार द्यावा.

प्रश्न : डाव चालू असताना मोजता येते का, आणि दोन्ही अंतरे सारखीच भरली तर? (चिकोडी)

उत्तर : त्या फेरीचे सर्व बाउल टाकून होईपर्यंत मोजमाप करता येत नाही. दोन्ही बाजूंचे सर्वांत जवळचे बाउल सारख्याच अंतरावर भरले, किंवा दोन्ही जॅकला टेकले असतील, तर त्या फेरीत कोणालाही गुण मिळत नाही. फेरी मात्र खेळली गेली असे धरतात.