गाडी मिसिंग मारतेय? आधी हवा शोधा, पंप नंतर

प्रश्न: जुनी टाटा 407 आहे, चार सिलिंडर, साध्या पंपाची. रोज पहाटे वाशी मार्केटमधून दादरला भाजी आणतो. आयडलिंगला (एक्सिलरेटर न दाबता) गाडी थरथरते, मिसिंग मारते (एखादा सिलिंडर मध्येच पेट घेत नाही). सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते, पुन्हा सेल्फ मारावा लागतो. थोडा पांढरा धूरही येतो. डिझेल फिल्टर बदलून झाला. मेकॅनिक म्हणतो, डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला (मशीनवर तपासून जुळवायला) पाठवू. पाठवू का?
– एक वाचक, मानखुर्द

उत्तर: इतक्यात नको. सुरू होऊन लगेच बंद पडणं ही बहुतेक वेळा हवा धरल्याची, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याची, खूण असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढीवर चालते. तिथल्या नळीला बारीक चीर गेली, तर डिझेल टपकतंच असं नाही. हवा मात्र आत शिरते. म्हणून ‘कुठे लीकेज दिसत नाही’ यावर समाधान मानू नका. रात्री गाडी उभी असताना लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळी पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालतं आणि हवेचा फुगा आला की मान टाकतं.

फीड पंपाकडे येणाऱ्या लाइनमध्ये डिझेलला चालणारी पारदर्शक नळी, हातभर लांबीची, दोन्ही टोकांना क्लिप आवळून बसवा. इंजिन चालू ठेवून पाहा. बुडबुडे सतत धावताना दिसले, तर चोर या नळीच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. रबरी नळीची टोकं आणि बँजो बोल्टचे (मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर तपासा. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास वाढत असेल, तर टाकीतली सक्शन नळी वरच्या बाजूला चिरलेली असण्याची शक्यता मोठी. नळीत बुडबुडे नसतील, तर हँड प्रायमरचं (हाताने डिझेल चढवायच्या पंपाचं) सील आणि फिल्टरची रबरी रिंग बघा. फिल्टर नवा आणि रिंग जुनी, असं गॅरेजमध्ये सर्रास होतं.

दुरुस्तीनंतर हवा काढायचा क्रम चुकवू नका. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहा, फेस जाऊन अखंड धार लागली की स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. गरज पडली तर शेवटी नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको आणि मध्ये मोटरला थंड होऊ द्या.

हवा गेली तरी थरथर राहिली, तर कोणता सिलिंडर झोपलाय ते शोधायचं. इंजिन आयडलिंगला ठेवून एका नोझलचा पाइप नट (बहुधा 17 नंबरचा पाना लागतो) अर्धा फेरा सैल करा. आवाज बदलला, इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर कामाला आहे. नट आवळा, पुढच्याकडे वळा. ज्याचा नट सैल करूनही काहीच फरक पडत नाही, तोच आजारी. इथे चष्मा घाला, नटावर जाड फडकं धरा आणि धारेच्या आड हात कधीच येऊ देऊ नका. दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच सामाईक पाइपातून दाबाचं डिझेल देणाऱ्या) तर ही युक्ती करायचीच नाही, तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

आजारी सिलिंडरचं नोझल काढून शेजारच्या चांगल्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर सरकलं, तर दोष नोझलचा. मग टेस्टिंग बेंचवर धुरळ्यासारखा फवारा पडतो का, टोकाला थेंब लोंबतो का, हे बघून घ्या आणि चारही नोझलचं प्रेशर कंपनीच्या आकड्यावर सारखं लावून घ्या. बसवताना सीट साफ करा, तांब्याचा वॉशर नवा आणि एकच. जुना वॉशर खाली चिकटून राहिला आणि त्यावर दुसरा बसला, की नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या खळग्यात नीट पडत नाही. ही चूक शोधायला भल्याभल्यांना वेळ लागतो.

मिसिंग जागच्या जागी राहिलं, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर फिलर गेजने तपासा आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). चारांपैकी एकच आकडा बराच खाली आला, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर गॅस्केटवरच संशय घ्या. हे सगळं ठीक निघालं, तरच पंप उतरवा.

प्रश्न: आमची गाडी लोड घेऊन बोरघाट चढताना काळा धूर ओकते. पीयूसीत नापास झाली. पिकअपही कमी.
– एक वाचक, वडाळा

उत्तर: काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथचा असेल, तर तळातलं ऑइल खुणेपर्यंतच हवं. पावसाळ्यात त्यात पाणी मिसळून ते दुधाळ होतं, तसं दिसलं तर टाकून द्या. टर्बो असेल, तर होजच्या क्लिपा बघा. पुढचा प्रश्न नाजूक आहे: पिकअप वाढवायला कुणी पंपाचा सीलबंद मॅक्सिमम फ्युएल स्क्रू (जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा) फिरवलाय का? सील तुटलेलं असेल, तर पंप बेंचवर लावून आकड्यावर आणण्याला पर्याय नाही. बीएस फोरच्या (प्रदूषणाच्या भारत स्टेज 4 निकषाच्या) आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे. स्क्रू तसाच ठेवून ती गाठायचा नाद सोडा.

प्रश्न: हिंदमाताला पाण्यात गाडी बंद पडली. टो करून आणली. सेल्फ मारून बघू का?
– एक वाचक, परळ

उत्तर: हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पुढे सुरू झाली, तरी तो सिलिंडर कायम कमी कॉम्प्रेशनवर मिसिंग मारत राहतो. एअर क्लीनर आतून ओला आहे का बघा. ओला असेल, तर चारही नोझल काढा आणि क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. पाणी नोझलच्या भोकांतून बाहेर येईल, तोंड बाजूला ठेवा. डिपस्टिकवर ऑइल कॉफीसारखं दिसलं, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. गिअरबॉक्स आणि क्राउनच्या (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरच्या) ब्रीदरपर्यंत, म्हणजे हवा जाण्याच्या भोकापर्यंत, पाणी पोहोचलं असेल, तर त्यांचं ऑइलही बदला.