नवीन टाकीतले गोल्डफिश पाण्यावर येऊन तोंड का उघडतात? अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टाकी आणून पंधरा दिवस झाले. चार गोल्डफिश आणि एक सकर (काचेला तोंडाने चिकटून राहणारा मासा). दोन दिवसांपासून चारही गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, त्यातल्या एकाच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत. दुकानदार म्हणतो सगळं पाणी बदला आणि निळं औषध टाका. घरचे म्हणतायत, विहिरीत सोडून द्या.

यातलं काहीही करू नका. आज फक्त खाणं बंद करा आणि एक बादली पाणी बदला. दोन-तीन दिवस उपाशी राहून गोल्डफिशला काही होत नाही.

एकच मासा बिघडला तर आजाराचा संशय घ्यायचा, सगळे एकदम बिघडले तर पाण्याचा. मी कायम याच आडाख्याने चालतो. तुमच्याकडे दोन्ही झालंय, पण माझ्या मते सुरुवात पाण्यापासून झाली. मासे अशक्त झाले आणि मग ठिपक्यांनी डोकं वर काढलं.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, आधीचे दोन्ही विषारी. हा थर बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे तुमची टाकी नेमकी सगळ्यात वाईट टप्प्यात आहे. अमोनियाने कल्ल्यांना इजा होते. नायट्राइट रक्तात शिरला की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, त्यामुळे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवाच, आवाज होतो म्हणून रात्री बंद करू नका. पण नुसत्या पंपाने भागणार नाही.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट आणा. माशांच्या कुठल्याही औषधाआधी त्याच्यावर पैसे घाला. अमोनियाच्या नेहमीच्या किटमध्ये नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झुकलं की अमोनिया आहे. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून दिवसाच्या उजेडात बघा, घरातल्या दिव्याखाली फिकट हिरवा आणि पिवळा यांत हमखास गल्लत होते.

आता पाणी बदलण्याचं. तुमची टाकी २४ × १२ × १२ इंचांची असेल तर काठोकाठ ५६ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० च्या आतच. म्हणजे १५ लिटरची एक बादली हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. किटवर दोन्ही गोष्टी शून्याजवळ येईपर्यंत रोज एवढं पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा, नाहीतर अँटीक्लोरीन टाका. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढवलेली असते आणि सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर त्या दिवशीचं पाणी टाकीत घालूच नका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) बऱ्याचदा चढा असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, हे टँकर आणि बोअरवाल्यांनी लक्षात ठेवावं.

सगळं पाणी एकदम बदललं तर तापमान आणि पीएच झटक्यात बदलतात, आधीच थकलेल्या माशाला तेवढं पुरतं. त्याबरोबर खडी आणि फिल्टर घासूनपुसून धुतले जातात आणि जेमतेम जमू लागलेले जिवाणू वाहून जातात. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळा. निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. तेही हेच जिवाणू मारतं, शिवाय काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन निळं होतं ते कायमचं.

आता ठिपके. आधी नीट बघा ते कुठे आहेत. फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर, ओळीत, सारख्या आकाराचे असतील तर तो वयात आलेला नर आहे, त्याला काहीही झालेलं नाही. शेपटीवर, पाठीवर, विस्कटलेले, बारीक मिठाच्या दाण्यासारखे असतील आणि मासा खडीला अंग घासत असेल तर मात्र तो व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा आजार.

हा परजीवी कातडीच्या आत बसतो, तिथे त्याच्यापर्यंत कुठलंच औषध पोचत नाही. पोसून झाला की तो गळून तळाशी जातो, कवच धरतो, आतल्या आत त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. मारायचं ते याच पोहत्या अवस्थेत. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर ही फेरी साधारण आठवड्याची, थंडीत बरीच लांबते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले की लोक उपचार थांबवतात आणि पुढच्या आठवड्यात ठिपके दुपटीने परत येतात. ठिपके दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर चालू ठेवा.

गोल्डफिशसाठी मी जाडं मीठच वापरायला सांगेन. लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ५० ग्रॅमच्या आत, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तेवढंच, एकूण लिटरला ३ ग्रॅमपर्यंत. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे तुमच्या दोन्ही दुखण्यांवर ते चालतं. मीठ हवेत उडून जात नाही, म्हणून १५ लिटर पाणी बदललं तर त्या १५ लिटरपुरतंच नवीन घाला. हीटर असेल तर हळूहळू २८ अंशांपर्यंत न्या. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे हवा जोरात हवी. खऱ्या वनस्पती असतील तर त्या आधी काढा.

सकरला एवढं मीठ सोसत नाही. त्याला एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून वेगळ्या टबात ठेवा. त्याच्यावरही ठिपके आले तर तिथे व्हाइट स्पॉटचं औषध, निम्म्या मात्रेत. टाकी साफ ठेवतो म्हणून तो गळ्यात मारला जातो, पण तो स्वतःच भरपूर घाण करतो, फूटभराच्या वर वाढतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. दोन फुटी टाकीत त्याला जागाच नाही. गोल्डफिशही या टाकीत दोनच बरे. सगळे बरे झाल्यावर दोन गोल्डफिश आणि सकर मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या.

विहिरीत मात्र खरंच सोडू नका. लोकांनी असेच सोडलेले सकर उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्यांना बाजारात कुणी विचारत नाही.

टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकची कॅप्सूल टाकीत फोडायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. अमोनियावर आणि व्हाइट स्पॉटवर तिचा काही उपयोग नाही. किटचे आकडे आणि ठिपक्यांचा उजेडातला फोटो इथे टाका. टाकीचं माप वेगळं असेल तर मीठ घालण्याआधी सांगा, मात्रा काढून देतो.