एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी माणसाचं युरिकेज (युरिक ॲसिड मोडणारं एन्झाइम) जनुक क्लोन करून, म्हणजे वेगळं काढून त्याच्या प्रती बनवून, शेळीच्या जनुकाशी तुलना करायची आहे. मानवी यकृताचं आरएनए पुण्यात कुठे मिळेल?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारताय म्हणून आधीच सांगतो, मानवी यकृताच्या मागे लागू नका. परवानग्यांतच सेमिस्टर संपेल, आणि मिळालं तरी उपयोग नाही. माणसाचं युरिकेज जनुक बंद पडलेलं आहे. त्यापासून चालणारं एन्झाइम तयारच होत नाही.

शेळी, डुक्कर, उंदीर यांच्या यकृतात हे एन्झाइम युरिक ॲसिडचं रूपांतर करत जातं आणि शेवटी ॲलँटॉइन बनतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. आपल्यात ही पायरीच नाही, म्हणून आपल्या रक्तात युरिक ॲसिड जास्त आणि म्हणून गाउट, म्हणजे सांधे सुजवणारा आजार.

बिघाड नेमका कुठे आहे हे माहीत आहे. ३३व्या आणि १८७व्या कोडॉनवर (कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लाची तीन अक्षरी खूण) आर्जिनिनचा सीजीए बदलून टीजीए, म्हणजे प्रथिन तिथेच थांबवणारा स्टॉप झालाय. शिवाय दुसऱ्या इंट्रॉनच्या (जनुकातला, आरएनएमधून कापून टाकला जाणारा भाग) टोकाची स्प्लाइसिंगची, म्हणजे कुठे कापायचं याची, खूणही गेलेली आहे. ३३चा स्टॉप चिंपँझी, गोरिला आणि ओरांगउटानमध्येही सापडतो, म्हणजे तो आपल्या सगळ्यांच्या सामाईक पूर्वजातच आला असणार. गिबन या छोट्या वानराचं जनुकही बंदच आहे, पण त्याचा बिघाड वेगळा. एकच जनुक दोनदा, स्वतंत्रपणे जातं, हे मला तरी या विषयातलं सगळ्यात गमतीचं वाटतं.

आता प्रोजेक्ट. दोन्ही क्रम संगणकावर जुळवून ‘इतके टक्के साम्य’ लिहिणं एका दुपारचं काम आहे, त्यासाठी क्लोनिंग कशाला? क्लोनिंगचा फायदा तेव्हाच, जेव्हा प्रथिन बनवून त्याचा वेग मोजता. म्हणून मानवी बाजूचा डीएनए सरळ सिंथेसाइझ (कृत्रिमरीत्या तयार) करून मागवा, दोन्ही टीजीएंच्या जागी सीजीए घालून. मग प्रश्न असा उरतो: दुरुस्त केलेलं मानवी युरिकेज शेळीच्या तुलनेत किती चालतं? हा प्रश्न खरंच विचारण्याजोगा आहे, कारण २०१४ साली प्राचीन पूर्वजांची युरिकेज प्रयोगशाळेत पुन्हा बनवून तपासली गेली, तेव्हा दिसलं की जनुक पूर्ण बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून एन्झाइमचा जोर उतरत चालला होता. म्हणजे नुसते दोन स्टॉप काढले की सगळं ठीक, असं धरून चालू नका.

शेळीची बाजू सोपी आहे. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटसारख्या ठिकाणी ताजी कलेजी मिळते, पण ‘ताजी’ या शब्दावर विसंबू नका. बोकड कापल्यावर लगेच, तुमच्यासमोर तुकडा घेऊन जागीच आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणारं द्रावण) टाका. उघड्यावर राहिलेल्या कलेजीतलं आरएनए तुटत जातं आणि जेलवर नुसतं पुसट धुरासारखं दिसू शकतं. त्या आरएनएवरून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) करून पूर्ण कोडिंग भाग उचला (साधारण ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन, म्हणजे ९०० बेसच्या आसपास) आणि दोन्ही इन्सर्ट (घालायचे जनुकाचे तुकडे) एकाच प्रकारच्या वेक्टरमध्ये (जनुक पेशीत नेणारा डीएनए) घाला, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. सुरुवातीलाच संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज टाका, तिथे वेळ जातो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सस्तन प्राण्यांचं युरिकेज नीट विरघळत नाही, पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या पिशव्यांमध्येच ते स्फटिकासारखं साठतं. प्रथिन बनवायला वापरतात त्या ई. कोलाय जिवाणूत ३७ अंशांवर वाढवलंत तर बरंचसं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, जाईल. तापमान १८–२० वर आणा, बफर अल्कलाइन ठेवा. मोजणी मात्र मजेत होते: २९३ नॅनोमीटरला युरिक ॲसिडचं शोषण उतरताना पाहायचं. एन्झाइमला धातू किंवा कोफॅक्टर (मदतीचा रेणू) काहीच लागत नाही.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ‘याचा उपयोग काय?’ असं विचारलं तर पेग्लोटिकेजचं नाव घ्या. ते गाउटचं औषध २०१० साली अमेरिकेत मंजूर झालं. त्यातलं युरिकेज बरंचसं डुकराचं आणि थोडं बबून माकडाचं आहे, म्हणजे अशाच तुलनेतून घडलेलं.

आणि तिसरा प्राणी म्हणून कुणी डाल्मेशियन कुत्रा सुचवला तर नको म्हणा. त्याच्या लघवीत युरिक ॲसिड भरपूर असतं हे खरं, पण त्याचं युरिकेज धडधाकट आहे. दोष युरिक ॲसिड वाहून नेणाऱ्या वेगळ्याच प्रथिनात आहे.