हायड्रो ट्रॅक्टर थंडीत बर्फ ढकलेना, तेव्हा

अमेरिकेतल्या मिनेसोटात उणे 20 सेल्सियसला हायड्रो, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा, ट्रॅक्टर जागचा हलेना म्हणून लगेच ट्रान्समिशन गेलं असं समजू नकोस. आत सगळं काम तेल करतं, आणि ते गारठून घट्ट झालेलं असतं. ब्रेक लाव, पेडलवरचा पाय काढ आणि मध्यम थ्रॉटलवर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू दे. मग मोकळ्या जागेत सावकाश पुढे-मागे कर.

तरीही ओढत नसेल तर मागे वाकून बायपासचा, म्हणजे तेलाचा जोर चाकांपर्यंत जाऊ न देणारा, दांडा बघ. गाडी हाताने ढकलायला तो ओढलेला असतो, भोवती बर्फ गोठला की पुरता परत बसत नाही. इंजिन गुरगुरतं, चाकं ढिम्म हलत नाहीत. इंजिनाचा जोर ट्रान्समिशनला देणारा बेल्ट ओला होऊन घसरला तरी लक्षण हेच.

बर्फ ढकलताना थ्रॉटल पूर्ण, पेडल थोडंच. नवखे नेमकं उलट करतात. पेडल जास्त दाबलंस की वेग वाढतो, जोर घटतो. तेलाला दाब देणारा पंप आणि ट्रान्समिशन गार ठेवणारा पंखा दोन्ही इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात, म्हणून थ्रॉटल पूर्ण हवा. काम झाल्यावर इंजिन बंद करून पंख्यातला बर्फ काढ. आणि ट्रान्समिशनचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ते बदलल्याशिवाय ट्रॅक्टर बर्फात घालूच नकोस.