मुलं आवडणं आणि मुलांचं काम आवडणं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मुलं मला आवडतात, पण आयुष्यभर त्यांच्यात काम करणं मला झेपेल का, तेच कळत नाही' या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले. तुझ्या वयात मलाही हाच प्रश्न पडला होता. पण मी तो कुणाला विचारला नाही. विचारला तर लोक म्हणतील, हिला मुलं आवडतच नाहीत, अशी भीती होती. तू विचारलास, याचं मला फार बरं वाटलं.

आधी एक गाठ सोडवू. मुलं आवडणं वेगळं आणि मुलांचं काम आवडणं वेगळं. भाचीला अर्धा तास खेळवलं की आपल्याला छान वाटतं, कारण ती रडायला लागली की तिला आईकडे देता येतं. कामावर तशी सोय नसते. तिथे वीस मुलं असतात. एकाला शू लागलेली असते, दुसऱ्याने तिसऱ्याचे केस ओढलेले असतात, आणि चौथं खिडकीशी गप्प उभं असतं. त्या गोंधळात चौथ्याकडे लक्ष जायला हवं असतं.

चार वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर स्वतःचं बटण लावत होती. बटण काजात अर्धं शिरायचं आणि निसटायचं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, भुवया आक्रसलेल्या. बाकीची मुलं बाहेर जायला दारापाशी रांगेत उभी होती. माझे हात शिवशिवत होते. दोन सेकंदांचं काम होतं. पाचव्या-सहाव्या खेपेला बटण आरपार गेलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ खालचं बटण धरलं. या कामातलं सगळ्यात अवघड काय, असं विचारशील तर मी सांगेन, हात मागे ठेवणं. अशा वेळी तुला नुसता कंटाळा येतो की 'आता ही काय करते' म्हणून बघत राहावंसं वाटतं, हे ओळख. मला कंटाळाही यायचा, हे कबूल करते. पण बघत राहावंसंही वाटायचं.

तुझी दुसरी भीती रागाची आहे. 'माझा संयम सुटला तर?' सुटेल. माझा दुसऱ्याच वर्षी सुटला. एका मुलाने रंगाचं पाणी तिसऱ्यांदा सांडलं आणि मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की अख्खी खोली चिडीचूप झाली. तो टेबलाखाली जाऊन बसला. त्या रात्री मी हे काम सोडायचं ठरवलं होतं. सकाळी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, 'काल मी ओरडले, ते चुकलं. पाणी सांडलं तर आपण पुसू.' तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने खडूची डबी घेऊन आला. झाकण घट्ट होतं. उघडून द्यायला त्याने ती माझ्यासमोर धरली.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मला ती डबी आठवली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आई बाळाशी आधी नेहमीसारखी खेळते आणि मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलावतं. काहीच उत्तर आलं नाही की तोंड फिरवतं. पण ट्रॉनिक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रोजच्या खेळातही आई आणि बाळाचे सूर सतत जुळलेले नसतात. ते चुकतात, पुन्हा जुळतात, आणि नातं या पुन्हा जुळण्यातून घट्ट होतं. म्हणून कधीच चिडणार नाही, अशी शपथ घेऊ नकोस. चिडल्यावर परत जाऊन जमिनीवर बसता येतं का, ते बघ. मात्र वारंवार चिडचिड होत असेल, मुलांवर हात उगारावासा वाटत असेल, तर थांबायला हवं. तिथे मी तुला धीर देणार नाही.

'लहानपणापासून ध्यास असलेल्यांनीच या वाटेला यावं' असं तुला कुणी सांगितलंय, त्यावर विश्वास ठेवू नकोस. 'किंडरगार्टन' हा शब्द ज्यांनी १८४० मध्ये दिला, त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी आधी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली होती, आणि १८०५ मध्ये ते फ्रँकफर्टला वास्तुकला शिकायला म्हणून गेले होते. तिथे शाळेत शिकवायची संधी मिळाली आणि वाट बदलली. मारिया माँटेसोरी यांना आधी इंजिनिअर व्हायचं होतं, मग त्या डॉक्टर झाल्या. रोममधली त्यांची पहिली बालशाळा १९०७ ची. आणि पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला एरिक एरिक्सन! पंचविशीपर्यंत चित्रं काढत भटकणारा हा तरुण १९२७ मध्ये मित्राच्या बोलावण्यावरून व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला. 'मी कोण, मी काय व्हावं' या तरुणपणीच्या पेचाला पुढे नाव दिलं ते त्यानेच. मुलांसमोर उभं राहण्याआधी या तिघांनाही आपलं उत्तर ठाऊक नव्हतं. तूही ते खोलीत बसून शोधतो आहेस, आणि तिथे ते सापडणार नाही.

आणखी एक. 'मुलं' म्हणजे नेमकी कोणती? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात साधारणपणे १८ वर्षांखालचे सगळेच बालक आहेत. तीन वर्षांचं मूल मांडीवर येऊन बसतं. तेरा वर्षांचं तोंड फिरवून बसतं आणि तरीही तू तिथून उठून जाऊ नयेस असं त्याला वाटत असतं. माझी एक मैत्रीण बालवाडीत वर्षभरात थकली आणि किशोरवयीन मुलांची समुपदेशक म्हणून फुलली. शिवाय सगळ्यांना वर्गच हवा असं नाही. वाचोपचार (बोलण्यातल्या अडचणींवरचे उपचार), विशेष शिक्षण, बालरुग्णांची शुश्रूषा, ग्रंथालय, मैदान यांतल्या काही कामांत एका वेळी एकच मूल समोर असतं. तू मितभाषी आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

'पुरुषाने हे काय निवडलं' असं घरचे म्हणतात, त्यावर वाद घालत बसू नकोस. पगाराचं मात्र नीट विचारून घे. या कामात तो बहुतेकदा कमी असतो आणि प्रेमाच्या नावाखाली ते झाकलं जातं. ते मला आजही खटकतं.

आता एवढं कर. एकच जागा निवड आणि आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, निदान सहा आठवडे जा. मुलं एकदा येणाऱ्या पाहुण्याला वेगळी वागतात आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्याला वेगळी. घरी आल्यावर चार ओळी लिही. आज किती दमलो हे नको, कोणत्या मुलाची आठवण येत राहिली ते लिही. आणि रुजू होण्याआधी तिथे विचार, एखाद्या मुलाने काही दुखरं सांगितलं तर मी कुणाकडे जायचं? याचं उत्तर जिथे चटकन मिळत नाही, ती जागा सोड. असं मूल तुझ्यापाशी आलंच, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस, खोदून विचारू नकोस. शांतपणे ऐक आणि जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांग.

खिसे असलेले कपडे घालून जा. मुलं तुझ्याकडे खडे, टोपणं, तुटकी चाकं सांभाळायला देतील आणि दोन दिवसांनी परत मागतील. ती जपून ठेव. तिसरा आठवडा संपला की मला लिही. आधी त्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाबद्दल सांग. तुझ्या जागीही असं एक असेलच.

तुझी,
बाई