‘फॉलोइंग’: सत्तर मिनिटं आणि वाचकांचे आक्षेप

गेल्या अंकात थोडक्या पैशांत झालेल्या गुन्हेपटांपैकी ‘फॉलोइंग’ पाहा, असं आम्ही सुचवलं होतं. क्रिस्टोफर नोलनचा १९९८ सालचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. लंडनमध्ये घडणारा, कृष्णधवल, जेमतेम सत्तर मिनिटांचा, आणि सहा हजार डॉलरांत झालेला. हाताला काम नसलेला एक होतकरू लेखक रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा पाठलाग करत असतो. त्यातलाच एक, कॉब नावाचा घरफोड्या, त्याला हटकतो आणि चोऱ्यांना बरोबर न्यायला लागतो. पत्रांचा सूर सरळ दोन टोकांचा आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. शेवट कुठेही फोडलेला नाही.

दोनदा पाहिला. नायकाचे केस एका दृश्यात लांब, पुढच्यात कापलेले, त्याच्या पुढच्यात तोंडावर माराच्या खुणा आणि मग पुन्हा लांब केस. घरातल्या चौघांपैकी तिघांनी मध्येच सोडून दिला. हे काय गौडबंगाल आहे? (एक वाचिका, डोंबिवली)

तुमची नजर बरोबर जागी गेली आहे, फक्त तिचा उपयोग करून घ्यायचा राहिला. या सिनेमाची किल्ली केसांतच आहे. गोष्ट तीन काळांत चिरून पत्त्यांसारखी पिसली आहे. लांब विस्कटलेले केस आणि गबाळे कपडे दिसले की पहिला काळ: पाठलाग, कॉबची ओळख, पहिल्या चोऱ्या. केस कापलेले आणि अंगात सूट असला की दुसरा: नायक एका सोनेरी केसांच्या बाईच्या जवळ गेलेला. चेहऱ्यावर मार दिसला की तिसरा. या सगळ्याच्या बाहेर एक चौकट आहे. नायक समोरच्या वयस्क माणसाला घडलेलं सांगतो आहे. एवढं डोक्यात ठेवून बसलात तर तिसऱ्यांदा पाहताना कागद-पेन लागणार नाही.

असं करायची गरज काय, असं घरचे तिघं विचारतील. सूज आधी दाखवली की ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘याला कोणी आणि का मारलं’ हा प्रश्न पुढे येतो. महागडा पाठलाग, स्फोट, गर्दी यांतलं काहीही न दाखवता प्रेक्षक खुर्चीत राहतो. पैसा नसलेल्या दिग्दर्शकाला रहस्य उभं करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, कारण तो सगळा एडिटिंग टेबलवर घडतो. मात्र ही युक्ती खुणांवर उभी असते. केस, कपडे, जखम यांतली एक जरी खूण दोन काळांत सारखी राहिली तर प्रेक्षक हरवतो. आपल्याकडच्या बऱ्याच नकलांत नेमकं हेच होतं: काळ तीन, पण नायकाचा शर्ट आणि दाढी एकच.

सरळ क्रमाने बघायची हौस असेल तर क्रायटेरियन या निवडक सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या कंपनीच्या डिस्कवर काळानुक्रमे लावलेली आवृत्तीही आहे. मूळ पाहिल्यानंतरच ती बघा. आधी पाहिलीत तर तुमच्या घरातले ते तिघं जिंकतील.

सहा हजार डॉलरमध्ये सिनेमा? थाप वाटते. आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगला याहून जास्त जातात. (एक वाचक, नाशिक)

आकडा खरा आहे, पण त्यात काय धरलंय ते पाहायला हवं. १९९८ च्या भावाने हे अडीच लाख रुपयांच्या आसपास होतात. त्यातला मोठा वाटा कच्च्या फिल्मचा आणि लॅबमधल्या धुलाईचा होता. कलाकार आणि तंत्रज्ञ फुकट राबले. घरं मित्रांची आणि नातेवाइकांची होती, उजेड बराचसा खिडकीचा आणि कॅमेऱ्यामागे खुद्द नोलन. सगळ्यांच्या नोकऱ्या असल्यामुळे शूटिंग शनिवारी व्हायचं, ते सुमारे वर्षभर चाललं.

आता हिशेब मांडू. या सिनेमासाठी वापरलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी (फ्रेम) बसतात आणि सेकंदाला २४ चौकटी लागतात. म्हणजे ४०० फुटी डबा साधारण ११ मिनिटांत संपतो. सत्तर मिनिटांच्या सिनेमाला प्रत्येक शॉटचे दहा टेक घेतले तर ७०० मिनिटं फिल्म चालवावी लागेल, म्हणजे ६३ ते ६४ डबे. दोन टेकांत भागवलं तर १४० मिनिटं, १३ डबे. सगळी बचत या दोन आकड्यांच्या मधे आहे. म्हणून या मंडळींनी आधी महिनोन्महिने नाटकासारख्या तालमी केल्या आणि शूटिंगच्या दिवशी एक-दोन टेकांत दृश्य उरकलं. एकांकिका स्पर्धांत उतरणाऱ्या आपल्या पोरांना हे नवीन नाही. पुरुषोत्तम करंडकाची टीम जितकी तालीम करते तितकी करून कॅमेरा लावणारे मात्र कमी दिसतात.

डिजिटलमध्ये टेक फुकट झाले, म्हणून तालीम गेली. मग चाळीस-पन्नास तासांचं फुटेज एडिटरच्या पुढ्यात पडतं, त्यात एका दृश्याचे पंधरा टेक आणि पंधराही वेगळ्या कोनांतून अर्धवट. वाचवलेला पैसा तिथे दुप्पट जातो.

तुमची शंका एका बाबतीत रास्त आहे. असे जाहीर आकडे बहुधा शूटिंग संपेपर्यंतचे असतात. रॉबर्ट रॉड्रिगेझच्या १९९२ च्या ‘एल मारियाची’चा सात हजार डॉलरचा आकडा प्रसिद्ध आहे. तो थिएटरात लावण्याआधी स्टुडिओने प्रिंट आणि ध्वनी नीट करायला त्याच्या कित्येक पट खर्च केला. ‘इतक्यात झाला’ असं कुठे वाचलं की ‘कुठपर्यंत झाला’ हे विचारायचं.

समीक्षकांनी डोक्यावर घेतलंय, पण अभिनय कच्चा आहे हे कोणीच का लिहीत नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

आम्ही लिहितो. कॉबची भाषणं फार घोटीव आहेत. माणसं आपल्या वस्तूंना गृहीत धरतात, त्या काढून घेतल्या की त्यांना त्यांची किंमत कळते, हे त्याचं तत्त्वज्ञान ऐकायला झकास आहे. पण बोलणारा ते आत्ता सुचल्यासारखं बोलत नाही, पाठ म्हणतो. भरपूर तालमींची ही दुसरी बाजू. कोणी अडखळत नाही, आणि अडखळत नाही म्हणून जिवंतही वाटत नाही. नायकाचा बुजरेपणा मात्र पात्रालाच शोभतो, त्यामुळे जेरेमी थिओबाल्डचं नवखेपण खपून जातं. नवखे नट घ्यायचे तर पात्रं अशीच लिहावीत.

डब्याचं दृश्य पुन्हा बघा. कॉब म्हणतो, प्रत्येकाचा असा एक डबा असतो. मग तो डबा उपडा करतो, खाजगी किडूकमिडूक जमिनीवर पसरतं. घरमालकाला कळावं की कोणीतरी येऊन गेलं, एवढाच हेतू. इथे संवाद थोडा, हात जास्त. हातांना अभिनय शिकवावा लागत नाही.

ओटीटीवरच्या छोट्या मराठी थ्रिलरमध्ये संवाद ऐकूच येत नाहीत. पैसे नसतात म्हणून असं होतं का? आम्ही कॉलेजात शॉर्टफिल्म करतोय, आमचंही तेच झालं. (वाचकांचा एक गट, सोलापूर)

पैशाने कमी, सवयीने जास्त. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर पंखा, बाहेर रिक्षा, आणि माइक कॅमेऱ्यावर बसवलेला, म्हणजे नटापासून सात-आठ फुटांवर. आवाज तोंडातून निघून थेट माइकमध्ये येतो त्याहून जास्त भिंतींवर आपटून येतो. हा घुमारा नंतर सॉफ्टवेअरने पुसायला गेलात की बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं होतं.

बूम माइक, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावून दुसऱ्याने धरलेला माइक, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणा, तोंडापासून दीड-दोन फूट, वरून छातीच्या दिशेने झुकलेला. दुसरा माणूस नसेल तर कॉलर माइक, पण छातीच्या हाडाजवळ आणि सुती कपड्यावर. नायलॉन आणि रेशीम घासून खरखर करतं. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला गाद्या उभ्या करा, फरशीवर सतरंजी किंवा गोधडी टाका. पंखा बंद. फ्रिजही बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकणार नाही. ही युनिटवाल्यांची जुनी युक्ती आहे. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन टेक जोडताना मागची शांतता बदलली तर कानाला खड्डा लागतो, तो याच मिनिटाने बुजवायचा.

शूटिंगनंतर उरलेला उपाय म्हणजे डबिंग. गुन्हेपटात ते सगळ्यात जास्त जाणवतं, कारण कुजबूज डब करणं अवघड असतं. नट स्टुडिओत उभा राहून कुजबुजतो तेव्हा तो घाबरलेला नसतो.

रात्रीची दृश्यं टीव्हीवर नुसती काळी दिसतात. (एक वाचिका, पनवेल)

आधी टीव्हीकडे बघा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा, वीज वाचवणारा मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा सेन्सर बंद करा, खोलीतला दिवा टीव्हीच्या समोर नको. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयवर असेल तर दोन्हीकडची ब्लॅक लेव्हल सारखी हवी, नाहीतर सावल्या गडप होतात. संवाद पुसट असतील तर ऑडिओ ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) वरून स्टिरिओवर (दोन स्पीकरांसाठीचा) आणा. एवढं करूनही काळंच राहिलं तर दोष शूटिंगचा. ‘फॉलोइंग’ला हा प्रश्न फारसा येत नाही. कृष्णधवलमध्ये खिडकीच्या उजेडावरही काम निभतं, आणि वेगवेगळ्या दिव्यांच्या रंगांचा घोळ दिसतच नाही.

नायक सगळं एका पोलिसापुढे कबूल करतो. आपल्या कोर्टात हे टिकेल का? गुन्हेपटांत अशा चुका सर्रास दिसतात. (एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा)

आपल्याकडे टिकणार नाही, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता. सर्वसाधारण कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. कोठडीतल्या आरोपीची कबुली ग्राह्य धरायची तर ती दंडाधिकाऱ्यापुढे व्हायला हवी. अपवाद म्हणजे, कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू हाती लागली तर तेवढा भाग चालतो. पण ‘फॉलोइंग’ची गोष्ट लंडनची आहे आणि तिथे नीट नोंदवलेला कबुलीजबाब पोलिसांपुढचा असला तरी चालू शकतो, म्हणून या सिनेमाला दोष देता येत नाही. हीच चौकट उचलून पुण्यात बसवणाऱ्या लेखकाला मात्र जरूर द्या.

बाकीच्या सर्रास चुका: क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस दोन सेकंदांत पडत नाही, काही मिनिटं लागतात. सायलेन्सर लावलेलं पिस्तूल ‘फुस्’ करत नाही. आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने कमी होतो, तरी तो शेजारच्याला ऐकू जाईल इतका राहतो. प्रेताला हात लावून ‘रात्री सव्वाअकरा’ असं सांगणारा डॉक्टर तर प्रत्येक सिनेमात भेटतो. मृत्यूनंतरचा ताठरपणा काही तासांत सुरू होतो, साधारण बारा तासांत पूर्ण होतो आणि पुढे उतरतो. आपल्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. त्यावरून मिळतो तो तासांचा पट्टा, मिनिट नव्हे. या चुका दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही, म्हणून ‘बजेट नव्हतं’ ही सबब इथे चालवून घेऊ नका.

रेटिंग बघून सिनेमा निवडावा का? एका छोट्या थ्रिलरला ९.२ होते, दहा मिनिटांत बंद केला. (एक वाचक, ठाणे)

आकड्याच्या खाली किती मतं आहेत ते आधी पाहा. शे-दोनशे मतांचं ९.२ म्हणजे बहुतेक युनिट, नातेवाईक आणि मित्रपरिवार. मग मतांची वाटणी उघडा. १० आणि १ असे दोनच खांब उंच असतील तर ते भांडण आहे. मत वाचायचंच तर ५ ते ७ देणाऱ्यांचं वाचा, काय आवडलं आणि कुठे घसरलं हे दोन्ही तेच सांगतात. स्वतः लिहिताना दोष कशाचा ते वेगळं करा. ‘बोअर’ लिहिण्याऐवजी ‘चाळिसाव्या मिनिटाला खुनी कळतो’ असं लिहा, खुनी कोण ते न सांगता.

आपल्याकडचा असा जुना सिनेमा सुचवा. (एक वाचिका, बेळगाव)

‘इत्तेफाक’, १९६९. दिग्दर्शक यश चोप्रा, भूमिकांत राजेश खन्ना आणि नंदा. मूळ गुजराती नाटक, गाणं एकही नाही, बहुतेक सगळं एका रात्री एका बंगल्यात.

‘फॉलोइंग’मधल्या नायकाच्या दारावर बॅटमॅनचं चिन्ह दिसतं. नंतर कॉम्प्युटरवर घातलंय का? (इयत्ता दहावीचा एक वाचक, जळगाव)

नाही, ते पहिल्यापासून तिथेच आहे. नोलनचा पहिला बॅटमॅनपट आला २००५ मध्ये, सात वर्षांनी. आणि कॉब हे आडनाव त्याने २०१० मध्ये ‘इन्सेप्शन’मधल्या एका चोराला पुन्हा दिलं. तो घरं फोडत नाही, स्वप्नं फोडतो.